काचेच्या नळीतली दोरी

ही घटना खरी आहे. माझ्याच घरात घडलेली आहे. 'काकू, कथा छान रंगवलीत' असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत त्यांनी आत्ताच इथून निघावं. मी आधीच तापलेली आहे.

आणि मध्यरात्र, जंगल, पडका बंगला असलं काही यात नाही.

शनिवारची दुपार होती. लख्ख ऊन होतं. जागा... कॉलेजची फिजिक्सची प्रयोगशाळा.

माझा नवरा तिथे शिकवायचा. अख्खा संसार मी त्याला अहो-जाहो केलं. आता अरे-तुरे करते. का, ते कळेलच.

मी घरी पडदे शिवते. हा माणूस सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. सुट्टीच्या दिवशीही 'जरा एक उपकरण बघून येतो.' ते 'जरा' कधी संध्याकाळच्या आत संपलं नाही.

लाडकं उपकरण एकच. वीतभर काचेची नळी. तिच्यातून ओवलेली दोरी. वरच्या टोकाला रबरी बूच, खाली लोखंडी वजनं. नळी मुठीत धरायची, हात डोक्यावर न्यायचा आणि बूच गरगर फिरवायचं. वेग बरोबर जमला की वजनं अधांतरी राहतात. ना वर, ना खाली. नळीखाली दोरीला एक क्लिप लावतात. ती हलली नाही की समजायचं, फिरवणाऱ्याचा हात पक्का आहे. मग दोरी थोडी लांब करायची, वर्तुळ मोठं करायचं, आणि आता फेऱ्याला किती जास्त वेळ लागतो ते मोजायचं.

दोरी माझी असायची. पडद्यात ओवायची मजबूत दोरी हा न विचारता पळवायचा. एकदा घरात फिरवून दाखवताना दिव्याची काच फोडली आणि वर मलाच म्हणाला, "तू मध्ये आलीस." मी त्याला जेवायला वाढत होते.

एका सकाळी कॉलेजच्या जिन्यावर तो दम खायला बसला... तो उठलाच नाही. हृदय.

शोकसभेत प्रिन्सिपल म्हणाले, "प्रयोगशाळा हेच सरांचं खरं घर होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग मी इतकी वर्षं काय लॉज चालवत होते?

असो. मी रडले, चिडले, पुन्हा मशीनवर बसले. घरात आता मी आणि लेक. घरात तिला आम्ही ठकी म्हणतो. त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आलेली.

ठकी उशिरा घरी यायला लागली.

आधी मी काही म्हटलं नाही. मग तिचं जेवण कमी झालं. ताटात घास तसाच राहायचा आणि तिचं बोट ताटाच्या कडेवरून फिरत राहायचं... गोल... गोल... गोल.

उजव्या तळहातावर तिच्या एक लाल वळ दिसायला लागला. काहीतरी घट्ट धरल्यासारखा.

"कुठे होतीस इतका वेळ?" मी विचारलं.

"बाबांबरोबर."

सहज म्हणाली. माझ्याकडे न बघता. मग एकदम भानावर आली आणि म्हणाली, "म्हणजे... लॅबमध्ये."



त्या शनिवारी नवऱ्याच्या जागी आलेल्या मॅडमचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "तुम्ही येऊ शकाल का? आत्ता. तुमची मुलगी रोज थांबते. प्रयोग इतका सुंदर करते की... मला बघवत नाही हो."

मी हातातलं काम टाकलं. कात्री पिशवीत तशीच राहिली होती. निघाले.

घाबरले होते? अजिबात नाही. संतापले होते. जिवंतपणी सगळा वेळ त्या खोलीला दिला. मेल्यावर घरी एकदा, एकदा तरी येईल म्हणून मी किती रात्री दिवा ठेवून बसले. नाही आला. गेला कुठे? तिथेच! आणि आता पोरगीही तिकडेच ओढतोय?

मला माझी मुलगी परत हवी होती. बाकी त्याचं त्याने बघावं.

कॉलेज रिकामं होतं. जिना चढताना आवाज ऐकू आला.

सुं...

मग काहीच नाही.

बऱ्याच वेळाने पुन्हा... सुं...

गंमत म्हणजे आवाज प्रयोगशाळेतून येत नव्हता. जिन्याच्या खिडकीबाहेरून येत होता. बाहेर मोकळं मैदान होतं.

मॅडम वरच्या मजल्यावर भिंतीला चिकटून उभ्या होत्या. "मी आत येणार नाही," म्हणाल्या.

मी दार ढकललं.

सगळी स्टुलं भिंतीला सरकवलेली. मधोमध ठकी. हात डोक्यावर, मुठीत काचेची नळी. खाली लोंबणारी वजनं... स्थिर. क्लिप जागची हलत नव्हती.

पण ठकीचा हातही हलत नव्हता!

ती काही फिरवत नव्हती. नुसती धरून उभी होती.

नळीच्या तोंडातून दोरी आडवी निघाली होती. माझीच दोरी. ताठ. संथपणे फिरत होती. तिच्या टोकाला मी बूच शोधलं...

बूच नव्हतं. टोकही नव्हतं.

दोरी भिंतीत शिरत होती.

ती फिरत फिरत कपाटाच्या काचेतून गेली. काच हलली नाही. खिडकीच्या गजांतून गेली. आवाज नाही. मग माझ्याकडे आली... आणि माझ्या गळ्यातून पार झाली.

गार. बस, एवढंच.

आणि दूर, मैदानाच्या पलीकडे कुठेतरी... सुं...

तेव्हा कळलं. एवढं मोठं झालं होतं ते वर्तुळ.

"ठकी, खाली ठेव ते."

"आई, मध्ये येऊ नकोस." तोच सूर. अगदी त्याचाच. "क्लिप बघ ना. बाबांशिवाय कुणाला जमतं असं?"

"बाबा गेले, बाळा."

"नाही गेले. मी धरलंय ना."

वजनांखाली उरलेली दोरी तिच्या पायाशी पडली होती. माझं अख्खं रीळ उचलून आणलं होतं पोरीने.

"अजून किती सोडणार आहेस?"

"ते म्हणतात, अजून थोडी. मग अजून थोडी."

मी तिच्या पायांकडे बघितलं.

टाचा जमिनीवर नव्हत्या.

चवड्यांवर उभी होती ती. हात वर खेचला गेलेला. दोरी जितकी लांब, तितका तो तिला वर घेत होता.

माझं डोकंच फिरलं. मी त्या रिकाम्या भिंतीकडे बघून ओरडले, "अरे ए! लाज वाटते का रे जराही? मी वाट बघत बसले, मला साधा भास म्हणून नाही झालास! आणि हिच्याकडे रोज येतोस? वाढत्या वयाची पोर आहे, जेवत नाही ती! सगळं घेऊन गेलास, घे. पण हिला हात लावलास तर बघ!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'अरे' म्हणाले.

दोरी थांबली.

फिरणं थांबलं म्हटल्यावर ती खाली पडायला हवी होती की नाही? पडली नाही. ताठच राहिली... माझ्या दिशेने रोखलेली. पलीकडून कुणीतरी सरळ ओढत असल्यासारखी.

ठकी एक पाऊल घसरली. मग आणखी एक.

"आई..." आता आवाज तिचा स्वतःचा होता. "आई, हात सुटत नाहीये."

मी डाव्या हाताने तिची कंबर पकडली. उजव्या हाताने कात्री काढली आणि कचकन दोरी कापली.

वजनं खणखण फरशीवर आदळली. नळी पडून फुटली. ठकी माझ्या अंगावर कोसळली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

मी कान देऊन थांबले. दोरी तुटली की बूच सरळ उडतं, कुठेतरी आपटतं. मला एवढं फिजिक्स त्याने शिकवलं होतं.

कुठेच काही आपटलं नाही.

ठकी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. एकदाच बोलली. "तू त्यांना सोडून दिलंस." मी तिच्या ताटात दोन घास जास्त वाढले. हळूहळू ती खायला लागली. परीक्षा झाली. आता ओढणीवरून, फोनवरून, कशावरूनही माझ्याशी भांडते. भांडते म्हणजे जिवंत आहे. मला तेवढं पुरे.

गोष्ट इथे संपली असती तर मी इथे लिहायला आले नसते.

परवा संध्याकाळी मी पडद्यांना शिलाई मारत होते. मशीनच्या घरघरीत काहीतरी वेगळं ऐकू आलं. मशीन थांबवलं.

सुं...

मग शांतता. इतका वेळ की मी उठून चहा टाकला, गाळला, अर्धा प्यायले. वाटलं, भासच.

सुं...

आधी पुढच्या खिडकीचा पडदा हलला. मग बाजूच्या. मग मागच्या. वारा नव्हता. घराभोवती एक फेरा पूर्ण झाला.

मी तशीच उठून ठकीच्या खोलीत गेले. अंगाचा नुसता भडका उडाला होता. "पुन्हा सुरू केलंस? काय सांगितलं होतं मी तुला? आत्ताच्या आत्ता सोड!"

तिने वर बघितलं. तिच्या दोन्ही हातांत पुस्तक होतं. चेहरा पांढरा पडला होता. म्हणजे तीही ऐकत होती.

"मी तर त्याच दिवशी सोडलं, आई," ती म्हणाली. "मला वाटलं... तू धरलंयस."

"मी? मी कशाला धरू त्याला? मला त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही!" मी ओरडलेच. शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल.

ती माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

कधी कोण जाणे, मूठ घट्ट वळलेली होती. आत काही नव्हतं. मी उघडायला गेले...

उघडली नाही.

आम्ही दोघींनी मिळून ओढलं. कोमट पाणी केलं, तेल लावलं. कात्रीने कापावं तर दोरी दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायू आखडलेत, मनावर ताण असेल, राग कमी करा.

राग कमी करा म्हणे!

पडद्यांचं काम पडून आहे. फेऱ्याला आता जवळजवळ तास लागतो.

हे सगळं मी डाव्या हाताने टाइप केलंय.