निम्म्या किमतीचं लेबल

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी एका फुगलेल्या बॅटरीला शिव्या देत होते. अगदी मनापासून आणि मोठ्यांदा. वर बघितलं तर काउंटरपलीकडे एक उंच माणूस, हातात चष्म्याची डबी घेऊन उभा.

"मी नंतर येऊ का? तुमचं बोलणं चालू आहे..."

मामाचा नवा चष्मा द्यायला आला होता. चौकापलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान. डोळे तपासायचे, फ्रेम बसवायच्या. आमचं दुकान रिमोटवरच्या विमानांचं. विमानं मामा विकतो, बॅटऱ्या माझ्या. माझ्या मशीनवर तपासल्याशिवाय आणि माझ्या हातचे आकडे लिहिल्याशिवाय एकही बॅटरी काउंटर ओलांडत नाही. गिऱ्हाइकं पाठीमागे मला 'बॅटरीबाई' म्हणतात. मला ते माहीत आहे आणि आवडतंही.

डबी ठेवून तो निघणार होता, पण नजर काचेच्या कपाटावर अडकली.

"चार सेल, तेहतीसशे, शंभर सी..." त्याने लेबल वाचलं, मग किंमत वाचली आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अहो, हेच आकडे असलेली बॅटरी बाबांनी परवाच मागवलीय. निम्म्या किमतीत!"

"आणा ती इथे," मी म्हणाले. "निम्मं काय मिळालंय ते दाखवते."

"आणतोच," तो म्हणाला आणि हसला. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसाचे स्वतःचे डोळे इतके हसरे असावेत... हे काही बरोबर नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर हजर. मी दोन्ही बॅटऱ्या वजनकाट्यावर ठेवल्या. आमची तीनशे चाळीस ग्रॅम. त्याची दोनशे साठ.

"लेबलवर काय वाट्टेल ते छापता येतं," मी म्हणाले. "शंभर सी म्हणजे बॅटरी किती जोरात वीज देऊ शकते, त्याचा आकडा. तो कुणी तपासत नाही, म्हणून छापताना सगळ्यांचाच हात सैल सुटतो. वजनाचं तसं नाही. आत माल कमी घातला की काटा लगेच सांगतो."

मग मी त्याची बॅटरी मशीनला जोडली. "हा आतला अडथळा. आमच्या चारही सेलचा दोन-दोन. तुमच्या बघा... नऊ, नऊ, दहा आणि हे शेवटचं ध्यान चौदा. अडथळा जास्त असला की मोटारीने जोर मागितल्याबरोबर बॅटरी मान टाकते. तीसुद्धा विमान हवेत असताना."

"म्हणजे तुमची शंभर सी खरी?"

"छे! आमचीही नाही. पण निम्मी तरी खरी आहे."

"असं सांगून तुमचं दुकान चालतं कसं?"

"दुकान मामा चालवतो. मी गिऱ्हाइकं पळवते."

"मी नाही पळालो..."

मी घाईघाईने मशीनच्या पडद्यात डोकं घातलं. पडद्यावर बघण्यासारखं आता काहीही उरलं नव्हतं.

मग त्याने बाबांचं सांगितलं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निम्मा गेला. बोटांना काम देत राहा, असं डॉक्टर म्हणाले, तर बाबांनी विमान बांधायला घेतलं. तीन वर्षं, डाव्या हाताने. दोन मीटर पंख, त्यावरचं कापड स्वतः शिवून चढवलेलं. येत्या रविवारी ते पहिल्यांदा उडणार होतं.

"हे पडलं तर ते दुसरं बांधायला घेणार नाहीत," तो म्हणाला. आवाजातलं हसू गेलं होतं. "मग नुसते खिडकीत बसून राहतील. मला भीती वाटते त्याची."

"मग चांगली बॅटरी न्या ना!"

"दुप्पट किमतीची? घरात घेणार नाहीत. तेवढेच आकडे असताना जास्त पैसे देणारा मूर्ख, असं त्यांचं ठाम मत आहे." तो जरा घुटमळला. "तुम्ही... या स्वस्त बॅटरीचं लेबल काढून चांगलीवर चिकटवून द्याल?"

मी? खोट्या लेबलांच्या नावाने रोज बोटं मोडणारी मी? मी त्याला चांगलं सुनावणार होते. पण तो तसाच उभा होता, दोन्ही हातांत त्या दोन बॅटऱ्या तोलत, आणि त्याला खरंच काही सुचत नव्हतं.

मी केस वाळवायचं मशीन आणलं.

"फक्त कोमट हवा," मी बजावलं. "जास्त तापलेलं या बाईसाहेबांना चालत नाही." त्याने मशीन धरलं, मी नखाने कोपरा सोडवला. लेबल अगदी हळूहळू सुटत होतं. आमची डोकी इतकी जवळ आली की त्याच्या चष्म्यावर माझ्या श्वासाची वाफ धरली. त्याने चष्मा पुसला नाही. मीही मागे सरकले नाही.

विमान उडालं. अकरा मिनिटं उडालं आणि अलगद उतरलं. त्याने मैदानातूनच फोन केला, मागून बाबांचा आवाज येत होता, "बघ! सांगत नव्हतो? निम्म्या किमतीत!"

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. भरलेली बॅटरी तशीच ठेवली तर फुगते, ती अर्ध्यावर आणून ठेवावी लागते. "ते तुमच्याच मशीनवर बरं," तो म्हणायचा. त्याला तासभर लागायचा. त्या तासात मी त्याला सोल्डरिंग शिकवलं, त्याने स्वतःची तीन बोटं भाजून घेतली. एकदा त्याने भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून माझे डोळे तपासले.

"डावा जरा आळशी आहे."

"आणि उजवा?"

"उजवा ठीक आहे. पण मी विचारलं की तो लगेच दुसरीकडे बघतो..."

मामा आतून खोकला. मामाला खोकला कधीच नसतो.

असे पाच शनिवार गेले. आणि मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन. तो कुजबुजत होता.

"बाबांनी तीच स्वस्त बॅटरी पुन्हा मागवली. एक नाही, दोन! त्यांचे दोन जुने मित्र आलेत आणि आज नवीच लावायची म्हणतायत. खरं सांगितलं तर माझ्यावरचा विश्वास जाईल... नाही सांगितलं तर विमान."

"विमान थांबवून धरा," मी म्हणाले. "मी येतेय."

मीटर पिशवीत टाकला आणि सायकल हाणली. मैदानावर पोचले तेव्हा बाबा खाली बसून विमानाच्या नाकात डाव्या हाताने शिशाच्या पट्ट्या चिकटवत होते.

"ये, पोरी, ये," माझी ओळख करून दिल्यावर ते खुशीत म्हणाले. "कंपनीने कमाल केलीय. तीच बॅटरी, पण ऐंशी ग्रॅमनं हलकी! नाक वर यायला लागलं, म्हणून वजन लावतोय."

मला हसू येईना. त्यांच्या मागे तो पांढराफटक उभा होता.

"काका, ती हलकी झालेली नाही. पहिली बॅटरी वेगळी होती. दुप्पट किमतीची. तिच्यावर हे लेबल मी लावलं, माझ्या हाताने."

"मी सांगितलं म्हणून," तो पुढे येऊन म्हणाला.

मी मीटर जोडला. त्याने विमानाची शेपटी घट्ट धरली आणि बाबांनी मोटार पूर्ण सोडली. सुरुवातीला सोळा पूर्णांक आठ व्होल्ट असलेला आकडा दोन सेकंदांत साडेबारावर आला आणि मोटारीचा आवाज रडवेला झाला. मग मी जुनी बॅटरी लावली. आकडा पंधराच्या वर ठाम राहिला. वाऱ्याने एका मित्राची टोपी उडाली, तरी तो आकड्याकडेच बघत होता.

बाबांनी दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने डाव्या हातात घेऊन बघितल्या.

"चाळीस वर्षं कापड चिमटीत धरून ओळखलं," ते म्हणाले. "आणि इथे चिठ्ठी वाचून फसलो." मग मुलाकडे वळले. "माझ्याशी खोटं का बोललास?"

"तुम्हाला पुन्हा खिडकीत बसलेलं बघायचं नव्हतं, बाबा."

बाबांनी विमानाच्या पंखावरून हात फिरवला.

"आणखी काही लपवलंयस? आत्ताच सांग. मी एकदाच रागावणार आहे."

तो लालबुंद झाला. "बॅटरी अर्ध्यावर आणायचं मशीन... घरात आहे. कपाटात. मामांनी पहिल्याच दिवशी विकलं होतं मला."

"मग दर शनिवारी हिच्या दुकानात—"

"हिला भेटायला जातो. मला ही आवडते, बाबा. खूप आवडते." हे सगळं तो बाबांना सांगत होता आणि बघत होता माझ्याकडे.

माझं काळीज इतकं धडधडत होतं की मीटर लावला असता तर तो जळाला असता. पण आज खरं बोलायचा दिवस होता.

"काका, माझंही एक आहे. ते काम माझ्या मशीनवर वीस मिनिटांचं. मी मुद्दाम सगळ्यात कमी वेगावर लावायचे... तास लागावा म्हणून."

मित्रांपैकी एक खो खो हसत सुटला. बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे, काढा ते लेबल आधी! आणि चांगली बॅटरी लावा. एवढी माणसं काय तुमचं लग्न ठरवायला आलीयत?"

विमान वर गेलं. रिमोट दोघांनी मिळून धरला होता. डावी काडी बाबांच्या अंगठ्याखाली, उजवी त्याच्या. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. पंखांवरच्या शिवणी उन्हात स्पष्ट दिसत होत्या, आणि बाबा तोंड उघडं टाकून वर बघत होते.

आकाशावरची नजर न हलवता त्याने हळूच विचारलं, "मग... शनिवारी बॅटरी आणू का?"

"नको," मी म्हणाले. "नुसता ये."