डब्यावरचं हिरवं पाकीट

"गेले हो, परत गेले!" सू आजींनी दारातच हंबरडा फोडला, आणि लायकाकांच्या हातातला चहा सांडला.

लायकाका निवृत्त हवालदार. गल्लीतल्या चोऱ्यामाऱ्या शोधून काढणाऱ्या च्वांग बाईंच्या मागे तपासाला जायचे आणि हटकून चुकीच्या माणसावर संशय घ्यायचे.

ताइनानच्या गल्लीतलं आजींचं घर. टीव्हीखालच्या कपाटात राउटर, शेजारी व्हिडिओ घरभर पोचवणारा एक स्वस्तातला डबा, त्याला जोडलेली जुनी हार्ड डिस्क. लेक पेइरोंगने ही जोडणी केली, म्हणून घरात कुठेही बाबांचे व्हिडिओ दिसायचे. बाबा गेल्यापासून आजी रोज संध्याकाळी त्यांचा शेवटचा व्हिडिओ लावायच्या. त्यात ते दाराकडे बघत विचारायचे, "हाव आला का गं?" हाव म्हणजे मुलगा च्युनहाव. तो आला, तो सगळं आटोपल्यावर.

परवा पितरांच्या थडग्यांच्या सणाला सगळे जमले, आणि संध्याकाळी डिस्क कोरी निघाली. एकूण एक व्हिडिओ गायब.

"दुसरी प्रत?" बाईंनी विचारलं.

"नाही केली." पेइरोंग रडवेली झाली. "डब्यात आहे म्हणजे जपून आहे, असं वाटलं."

"मोबाइलवरून कुणी पुसलं असेल?"

"छे! मोबाइलवर नुसतं बघता येतं. पुसायचं तर माझा पासवर्ड हवा, नाहीतर डिस्क उपटून कम्प्युटरला लावायची."

डब्यावर खाऊचं हिरवं पाकीट होतं. त्या खाऊच्या नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग', म्हणून इकडे ते यंत्रांवर ठेवतातच; तारीख उलटली तर यंत्र बिघडतं, असं कारखान्यांत मानतात. बाईंनी ते उलटून तारीख पाहिली.

"हे कुणाचं?"

"माझंच," पेइरोंग म्हणाली. "डबा बसवला त्या दिवशी ठेवलं. नंतर हातसुद्धा नाही लावला."

च्युनहाव शिनचूच्या चिप कारखान्यात इंजिनिअर. तो भडकलाच. "मी दिवसभर अंगणात पितरांच्या नावाने कागद जाळत होतो, कपाटाकडे फिरकलोही नाही. त्या वार्तिनीला विचारा! झाडपूस तीच करते. द्या तिला इंडोनेशियाला धाडून!"

आजींची काळजी घेणारी वार्तिनी चाचरत म्हणाली, "डब्याला मी हात नाही लावत. सणाच्या आदल्या दिवशी पाकिटाची तारीख गेलेली दिसली. टाकू का विचारलं, तर आजी ओरडल्या."

"ओरडणारच! यंत्राचा नैवेद्य आहे तो," आजी म्हणाल्या.

"हीच ती," लायकाका कुजबुजले.

"काका, चहा घ्या," बाई म्हणाल्या आणि पाकीट सगळ्यांसमोर धरलं. "आदल्या दिवशी तारीख गेलेली होती. हे मात्र कोरं करकरीत आहे. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी बदललं. पेइरोंगकडे पासवर्ड आहे, तिला डबा हलवायचीही गरज नव्हती. आजींना हा नैवेद्य, त्या बदलणार नाहीत. वार्तिनीला तो शिळा खाऊ, ती फेकेल, पण नवा आणून ठेवणार नाही. शिळं पाकीट असताना यंत्राला हात घालायचा नाही, हे कुणाच्या अंगात मुरलंय? कारखान्यातल्या माणसाच्या. च्युनहाव, तुझ्या पिशवीत एक पाकीट कायम असतं ना?"

च्युनहावचा चेहरा पडला.

"आणि ज्याला एखादी गोष्ट नको असते, तो तेवढीच पुसतो. इथे डिस्कच कोरी झाली, म्हणजे चूक झाली. डब्याने आपल्या पद्धतीने तयार केलेली डिस्क तुझ्या कम्प्युटरला ओळखता आली नाही. त्याने विचारलं, सगळं पुसून नव्याने तयार करू का? घाईत तू हो म्हणालास."

"तेवढा एकच पुसायचा होता!" तो ओरडला. "फोन केला की मागे तेच ऐकू यायचं. हाव आला का, हाव आला का! रोज! ताईने जेवायला हाक मारली, मी गडबडलो, आणि..."

लायकाकांना वार्तिनीकडे बघवेना. च्युनहावने तर तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आई, मुद्दाम लावायचीस ना?"

आजींनी डोळे पुसले. त्या ओरडल्या नाहीत, याचीच काकांना भीती वाटली.

"मुद्दामच. शेवटपर्यंत तुझंच नाव होतं त्यांच्या तोंडी, ते तुला ऐकायला लावायचे. वाटायचं, एखाद्या संध्याकाळी तू दारात असशील आणि मी त्यांना सांगेन, आला हो." त्यांनी ते पाकीट त्याच्या हातात ठेवलं. "जा आता कामाला. तू आलास काय, नाही आलास काय, विचारणारं कुणी उरलं नाही."