बिनऔषधाचं फूल

छातीच्या वॉर्डाच्या दारातच तिने त्याला अडवलं. गुलाबांचा मोठा गुच्छ घेऊन तो आत घुसत होता, आणि दिसायला… असो, ते नंतर.

"फुलं आत चालत नाहीत."

"अण्णांसाठी आहेत हो. आमच्याच पॉलिहाऊसमधली!"

म्हणजे हा अण्णांचा मुलगा! ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखायची. सगळे तिला बुरशीबाई म्हणत. अण्णांच्या फुफ्फुसातली बुरशी तिच्याच बशीत वाढत होती, नेहमीच्या औषधाला जराही दाद देत नव्हती. अण्णा मात्र रोज खचत चालले होते.

"याआधी कधी बुरशीचं औषध दिलं होतं?"

"दर आठवड्याला मारतो की."

"अण्णांना?"

"अहो, गुलाबांना!"

दोघंही खो खो हसली. हसता हसता ती एकदम थांबली. "त्या औषधाचं नाव सांगा बरं…"

त्याने डब्याचा फोटो दाखवला. नाव वेगळं, पण वॉर्डातल्या औषधाचं सख्खं भावंड! गुलाबांवरच्या फवाऱ्यात तगलेली बुरशी अण्णांच्या श्वासातून आत गेली असेल, तर ती हे औषध आधीच कोळून प्यायली होती.

दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या पॉलिहाऊसमध्ये हजर. असली बुरशी वाढते त्या कुजलेल्या पाल्याचा ढीग त्याने उकरला, तिने नमुन्यासाठी पिशवी धरली. बोटांना बोटं लागली… कुणीच घाईने काढून घेतली नाहीत.

"मुली गुलाब मागतात म्हणे. तुम्ही कचरा मागता?"

"औषध मारलेले गुलाब मी घेत नाही."

ढिगातली बुरशी आणि अण्णांची बुरशी, दोघी एकाच वाणाच्या निघाल्या. मोठे डॉक्टर कुरकुरले, पण ती हटली नाही. वेगळ्या जातीचं औषध सुरू झालं.

"उतार पडेल ना?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"पडायलाच हवा," ती म्हणाली, आणि तिलाही रडू फुटलं.

मग एका सकाळी चहात साखर कमी म्हणून अण्णा नर्सवर खेकसले. ती बातमी ऐकून प्रयोगशाळेत तिने चक्क उडी मारली!

अण्णा घरी निघाले त्या दिवशी तो त्याच दारात उभा होता. हातात एकच गुलाब… पाकळ्यांवर ठिपके, एक पान कुरतडलेलं.

"फवारणी थांबवलीय. रोगट पानं हाताने खुडतो, हवा खेळती ठेवतो. बरीच फुलं गेली, पण हे बिनऔषधाचं आहे. आणि… तुम्ही मला फार आवडता. आता तरी घ्याल?"

"घे गं पोरी," चाकाच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले. "माझ्या दुखण्यावर औषध सापडलं. याच्या दुखण्यावर काही सापडायचं नाही."

"सापडूच नये, अण्णा," ती म्हणाली, आणि तो गुलाब तिने ठिपक्यांसकट केसात खोवला.