हौद्यातलं बटण

गाड्यांच्या वायरिंगची कामं करून मला बावीस वर्षं झाली. वायर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, असं मी बायकोला नेहमी सांगतो. ती म्हणते, मग जेवायलाही वायरलाच वाढायला सांगा.

त्या दिवशी दुपारी एक बाई स्वतः पिकअप चालवत आल्या. घरसामान पोचवून द्यायचा त्यांचा धंदा. दोन फॉग लॅम्प लावायचे होते, रिव्हर्स कॅमेरा, आणि एक बझर. बटण मागे हौद्यात, बझर पुढे केबिनमध्ये. मागच्या माणसाला गाडी थांबवायला सांगता आलं पाहिजे, म्हणाल्या. मागे कोण असतं, असं मी विचारलं. आता कोणी नसतं, एवढंच बोलून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

लॅम्प झाले, कॅमेरा झाला. बझर डॅशबोर्डखाली बसवला. त्याची एक वायर फ्यूजमधून घेतली, दुसरी सीटखालून मागे हौद्यात काढली. तिचं टोक मोकळंच लोंबत होतं. बटण अजून डबीतून बाहेरही काढलं नव्हतं. मी पुढे येऊन डॅशबोर्डचे स्क्रू आवळत होतो, तेव्हा बझर दोनदा वाजला.

टोक पत्र्याला लागत असणार. जाऊन पाहिलं, कुठंच लागत नव्हतं. तरी त्यावर टेप गुंडाळली. पुढे आलो, पुन्हा दोनदा. दोन आवाजांत तेच मोजकं अंतर. फ्यूज काढला. पाना घेऊन बॅटरीची दोन्ही टोकं सोडवली आणि बझरला मीटर लावला. शून्य.

मी त्या शून्याकडे बघत असतानाच बझर वाजला. दोनदा.

बझरच खराब निघाला, हा काढून दुसरा लावतो, असं मी काहीतरी म्हणालो. बाई कधी उठून गाडीच्या दाराशी आल्या होत्या कळलं नाही.

"काढू नका, दादा."

मग त्यांनी सांगितलं. नवरा हौद्यात उभा राहून सामान धरायचा. केबिनच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. गेल्या वर्षी एका चढावर कपाटाचा दोर सुटला, आणि कपाटासकट तो रस्त्यावर पडला. काचा बंद होत्या, मला ऐकूच आलं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांना, सासूबाईंना, मुलीला.

"ऐकू आलं होतं," त्या बझरकडे बघत म्हणाल्या. "दोनदा. सकाळी भांडण झालं होतं आमचं. म्हटलं, आपटू दे जरा."

मी फ्यूज परत बसवला. बॅटरी जोडली, बटण बसवलं, दाबून पाहिलं. दाबलं की वाजायचं, सोडलं की थांबायचं, कुठल्याही बटणासारखं. बाईंनी ओढणीनं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.

बाहेर चांगलं ऊन होतं. गाडी गॅरेजच्या फाटकापर्यंत गेली. हौदा रिकामा होता, मी स्वतः झाडून दिला होता.

बझर दोनदा वाजला.

ब्रेकचे दिवे लागले. बाईंनी वळून पाहिलं नाही.

गाडीची मागची बाजू सावकाश दोन बोटं वर आली, भारी माणूस उतरल्यावर स्प्रिंगचे पाटे सैल होतात तशी.

मग बझर एकदाच वाजला. गाडी निघाली, वळणावर दिसेनाशी झाली.

फाटकात कोणी नव्हतं. तरी मी दोन पावलं बाजूला सरलो, आणि माझ्या उघड्या हातावरचे केस, कुणीतरी अगदी जवळून घासून आत गेल्यासारखे, एका बाजूला झोपले.