बंद मशीनचं पाणी

खरं सांगते, यातलं काहीच मी पदरचं घातलेलं नाही. मोहिनी माझी मावसबहीण. तिच्या तोंडून जसं ऐकलं, तसंच लिहितेय.

मागच्या श्रावणातला मंगळवार. गाव नाचणगाव, पुलगावला लागून. वेळ दुपारी साडेतीनची.

हो, दुपारची. असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही तोवर वाटायचं.

मोहिनीची लेक तेव्हा सात महिन्यांची. आठ-आठ दिवस ऊन नव्हतं. दुपटी वाळत नव्हती, पोरीला खोकला लागला होता. म्हणून तिच्या नवऱ्याने, गजेंद्रने, बदली होऊन चाललेल्या एका कुटुंबाकडून कपडे वाळवायचं जुनं मशीन घेतलं. त्याने आणि शेजाऱ्याने मिळून ते उचललं आणि मागच्या खोलीत ठेवलं.

ओले कपडे आत गरम हवेत फिरायचे. निघालेली वाफ आतच थंड व्हायची, आणि तिचं पाणी वरच्या खणासारख्या टाकीत जमायचं. टाकी ओढायची, मोरीत ओतायची. एवढंच काम.

पंधरा दिवसांत खोलीला ओल आली. भिंतीवर थेंब, कपाटात कुबट वास.

पुलगावहून धर्मेंद्र मिस्त्री आला. जाळीत साचलेला कपड्यांचा भुसा त्याने काढला, दाराचं रबर बदललं.

"वहिनी, मशीन चालू असलं का खिडकी उघडी ठेवत जा. वाफ बाहेर निघाली पायजे. आता ओल नाई येत."

नाहीच आली. भिंत सुकली.

पण टाकी...

त्या मंगळवारी मशीन दोन दिवसांपासून बंद होतं. प्लगही काढलेला. मोहिनीने सहज टाकी ओढली.

काठोकाठ भरलेली होती.

तिचा पहिला संशय गेला सासूवर. शोभाबाईंना ते मशीन पहिल्यापासून खुपत होतं. लोकांच्या घरातली वस्तू कायले आणली, असं त्या दोनदा बोलल्या होत्या.

"आई, टाकीत पाणी तुम्ही टाकलं काय?"

"मी काऊन टाकू?"

बोलताना शोभाबाईंनी नजर चुकवली. मोहिनीने ते हेरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मुद्दाम दाराआड थांबली. शोभाबाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या. हात ओले. पदराने पुसत होत्या.

मोहिनीचा तोल गेला.

"सात महिन्याच्या लेकराचे कपडे असतात त्याच्यात. मले तरास द्याचा तर सरळ द्या ना."

शोभाबाईंनी पिशवी भरली. दुपारच्या बसने त्या वडनेरला लेकीकडे, रीताकडे, निघून गेल्या. गजेंद्र संध्याकाळी औषधाच्या दुकानातून आला, तर आई घरात नाही. त्या रात्री तो बायकोशी बोलला नाही.

मोहिनीने टाकी रिकामी केली. फडक्याने कोरडी पुसली. मशीनचं दार लावलं, खोलीला कुलूप घातलं. किल्ली स्वतःजवळ ठेवली.

गुरुवारी दुपारी तिने कुलूप उघडलं. लेक कडेवर होती.

खोलीत आवाज नव्हता. बाहेर चिमण्या होत्या, त्याही ऐकू येईनाशा झाल्या...

टाकी भरलेली.

आणि मशीनच्या दाराची गोल काच... आतून वाफेने धूसर झालेली.

ती बघत राहिली. वाफ हळूहळू विरली. काच स्वच्छ झाली.

मग पुन्हा आली.

विरली.

पुन्हा आली...

झोपलेलं माणूस श्वास घेतं, त्याच संथ लयीत.

कडेवरची पोर काचेकडे टक लावून बघत होती. ती हसली.

मोहिनी अनवाणीच शेजारच्या ओसरीवर धावली. तिथून तिने वडनेरला फोन लावला.

"आई, मशीनच्या काचेवर..."

"वाफ येऊन राह्यली काय?" शोभाबाईंनी शांतपणे विचारलं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"पयल्या आठवड्यापासून. मी रोज पहाटे जाऊन त्याचं दार उघडून ठेवत होती. दार उघडं असलं का वाफ थांबते. टाकीतलं पाणी बी मीच फेकत होती, तरी भरे. तू लेकुरवाळी, भिशीन म्हून नाई सांगतलं."

मोहिनीला रडू आवरेना. "आई, घरी या."

"येतो ना, बाई. पण त्याचं दार बंद नको ठेवजो."

शुक्रवारी पहिल्या बसने त्या आल्या. मोहिनी त्यांच्या पाया पडली. गजेंद्रने पुलगावच्या तानबा भंगारवाल्याला बोलावलं. शोभाबाईंनी स्वतःच्या हाताने मशीनचं दार उघडलं आणि जाड दोरीने मागे बांधून टाकलं.

ते उचलायला चार माणसं लागली. आत काही नव्हतं. सगळ्यांनी वाकून पाहिलं होतं.

आठ दिवसांनी तानबाचा फोन आला.

"ताई, आतमंदी काही रायलं काय तुमचं? दार उघडून राह्यलं नाई."

"दार तर दोरीनं बांधलं होतं," मोहिनी म्हणाली. "उघडं."

पलीकडे त्याची पावलं मशीनपर्यंत गेलेली ऐकू आली.

"दोरी हाय ना. काचेतून दिसते. आत ओढून घेतलेली हाय..."

मोहिनीने फोन कापला. तानबाचा नंबर नंतर दोनदा येऊन गेला. तिने उचलला नाही.

त्याने ते मशीन फोडलं, विकलं की तसंच ठेवलं, आम्हाला माहीत नाही. त्याचं दुकान माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे. मी अजून विचारायला गेलेले नाही.