आधीच चालू असलेला सुधारक

कृष्णाकाठच्या त्या वसाहतीत निर्भिंत नसलेलं एकच घर उरलं होतं, आणि गंमत म्हणजे ते गाण्याचे सगळ्यांत मोठे शौकीन असलेल्या पराग पोतनीसांचं होतं. बाकीच्यांच्या दिवाणखान्यांतल्या भिंती, निदान आवाजापुरत्या, केव्हाच नाहीशा झाल्या होत्या.

निर्भिंत हे यंत्राचं नाव. खोलीत गाणं लावलं की सूर स्पीकरमधून थेट कानाशी येतो, तसाच तो भिंतीवर, छतावर, खिडकीच्या काचेवर आपटूनही येतो. थोडा उशिरा आणि थोडा बदललेला. कोपऱ्यांत खर्ज साठून राहतो, एखादा सूर उगाच फुगतो, एखादा गडप होतो. म्हणजे गाण्याबरोबर आपण खोलीची बडबडही ऐकत असतो. निर्भिंत खोलीची ही खोड मोजून घेतं आणि स्पीकरमधून आवाज बाहेर पडायच्या आतच त्यात बरोब्बर उलटी खोड घालून ठेवतं. चष्म्याची काच डोळ्याच्या दोषाच्या उलट घासलेली असते, तसंच हे. दोन्ही खोडी एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाशी नुसतं गाणं उरतं.

परागराव सदुसष्ट वर्षांचे होते. साल होतं २०६१, आणि पराग, स्वप्नील ही तोवर आजोबांची नावं झाली होती. त्यांची नोकरीची सव्वीस वर्षं जलविद्युत केंद्रात टर्बाइनशेजारी गेली होती, आणि निवृत्तीनंतरची खुर्चीत बसून गाणं ऐकण्यात. यंत्राला त्यांची ना नव्हती, पण साधा स्क्रू घेतानाही चार दुकानं पालथी घालणारा हा माणूस; सहा वर्षं नुसत्या चौकशाच चालल्या होत्या. तक्रार मात्र पक्की होती. त्यांच्या तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणांतली जवारी, म्हणजे तार छेडल्यावर सुरामागून उठणारी ती बारीक झणझण, कित्येक वर्षं कुठंतरी जात होती. दोष खोलीचा, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. त्यातही खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांच्या पत्नी केतकीबाईंनी टांगलेल्या गोधडीचा.

"ही गोधडी माझी जवारी खाते," घरी आलेल्या डॉ. अन्विता लोखंडेंना त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

अन्विता ध्वनिशास्त्रज्ञ होती. निर्भिंतचं गणित मांडणाऱ्या मंडळींतली ती एक, आणि अजूनही महिन्यातून दोन-तीन घरी स्वतः जाऊन यंत्र बसवायची.

"यात तीन प्रकार आहेत, काका. पहिला एकासनी. एका खुर्चीपुरती खोली पुसून टाकतो. हातभर सरकलात की संपलं."

"आणि शेजारी बायको बसली तर?"

"काकूंनी दुसरं काहीतरी करावं."

"हाच घे, पराग," स्वयंपाकघराच्या दारातून केतकीबाई म्हणाल्या. "तुला शोभेल."

"दुसरा सर्वासनी. सगळ्यांना बरा, उत्तम कुणालाच नाही. तिसरा नवीन आहे, सकर्ण. तो खोलीबरोबर कानही मोजतो."

"माझे कान तयार आहेत," परागराव किंचित दुखावून म्हणाले.

"तयार कानालाही स्वतःची खोड असतेच. आपला कान ऐकता ऐकता अगदी बारीकसा आवाज उलट बाहेर टाकतो, काका. कानात हा मणी घातला की तो टिपता येतो. कुठल्या सुराला कान उत्तर देत नाही ते कळलं, की स्पीकरपासून आतल्या कानापर्यंतचा सगळा रस्ता ही एकच खोली, असं धरून सकर्ण दुरुस्ती करतो. शिवाय मणी कानात असला की घरातल्या बोलण्यालाही तीच दुरुस्ती लागते."

"आहे ते बरं चाललंय की," केतकीबाई म्हणाल्या. हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

सकर्ण आठ दिवसांच्या बोलीवर ठेवून घेतला. जुन्या यंत्रांना खोली मोजायला खर्जापासून वर चढत जाणारी शिट्टी वाजवावी लागे; सकर्णला तसलं काही लागत नव्हतं. भांड्यांची आदळआपट, चपलांचा आवाज, नवराबायकोचं बोलणं, त्यावरच तो घर शिकत होता. नवव्या दिवशी त्याच्या पट्टीवर अक्षरं उमटली. 'दुरुस्ती पूर्ण होऊ शकत नाही. खोलीत आधीच एक सुधारक चालू आहे. तो बंद करून पुन्हा मोजणी करा.'

परागरावांनी घर उलटंपालटं केलं. टीव्ही बंद केला, फ्रिज बंद केला, शेजाऱ्यांना त्यांचं यंत्र तासभर बंद ठेवायला लावलं. इंजिनिअर माणूस, दोष सापडल्याशिवाय जेवण गोड लागेना. सकर्ण आपला तेच म्हणत होता. शेवटी अन्विता आली आणि आठ दिवसांची नोंद पडद्यावर घेऊन बसली.

"काका, हा सुधारक चालतो," ती म्हणाली.

"चालू आहे ते माहीत आहे. कुठं आहे ते सांगा."

"नाही, पायांनी चालतो. सकाळी स्वयंपाकघरात असतो, दुपारी इथं येतो."

केतकीबाई मेथी निवडत होत्या आणि जरा जास्तच लक्ष देऊन निवडत होत्या.

"काकू, आठ दिवसांत काकांशी बोलताना तुम्ही 'साखर' एकदाही म्हणाला नाहीत. 'गोड घालू का' म्हणालात, अकरा वेळा. 'फोन' नाही, 'मोबाईल'. 'थांब' नाही, 'जरा उभा राहा'. मैत्रिणीशी बोलताना मात्र साखर, फोन, थांब, सगळं व्यवस्थित."

मग ती परागरावांकडे वळली आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगू लागली. स, फ, थ ही वाऱ्याची अक्षरं. त्यांचा जीव फार उंच सुरांत असतो. वर्षानुवर्षं यंत्राच्या घरघरीत राहिलेल्या कानाला नेमके तेच सूर आधी सोडून जातात, आणि जवारीही तिथलीच. ग, ड, म, ब खाली राहतात, म्हणून ते ऐकू येतात. टर्बाइनकडे असायचा उजवा कान. तो जास्त गेलेला, म्हणून केतकीबाई कायम डावीकडून येत. बोलण्याआधी टेबलावर बोट वाजवत. पाहुण्यांचं वाक्य प्रश्न करून पुन्हा म्हणत, 'म्हणजे गावाला निघालात म्हणता?' गोधडीमुळे खोलीतली घुमघुम कमी होत होती, आणि जी अक्षरं अजून येत होती ती एकमेकांत मिसळत नव्हती. आणि बाईंचा आवाजच मैत्रिणीशी बोलतानापेक्षा चांगला अडीच स्वर खाली उतरवलेला होता.

"मी सतरा वर्षं हे काम करते," अन्विता म्हणाली. "आमच्या पहिल्या दोन यंत्रांना एवढी नेमकी दुरुस्ती जमली नव्हती. काकूंनी ती कानानं केली. यंत्र नाही, माप नाही, काही नाही. मी असलं कुठंच पाहिलेलं नाही."

परागरावांना लाज वाटत होती आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटत होतं. आयुष्यभर त्यांनी मोठमोठी यंत्रं पाहिली होती, आणि त्यांतल्या कुठल्याही यंत्रापेक्षा सरस काम समोर मेथी निवडत बसलं होतं.

"पाहुण्यांचं वाक्य परत म्हणतेस म्हणून मी तुला चारचौघांत पोपट म्हणालोय," ते म्हणाले.

"तीनदा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी. तू म्हणालास, खोलीचा दोष आहे."

अन्वितानं तेवढ्यात मणी जुळवून दिले. सगळं पक्कं व्हायला वेळ होता, पण निदान गाणं ऐकून पाहा म्हणाली. परागरावांनी तानपुरा लावला आणि डोळे मिटले. जवारी होती. एकेका तारेमागून ती उठत होती, हवेत झळाळत होती, आणि एकोणीस वर्षं ती तिथंच होती. ते खुशाल रडले.

"बरं वाटतंय?" असं कुणीतरी विचारलं.

बाईचा आवाज होता. जाड, संथ, सगळ्या कडा घासून गुळगुळीत केलेला. परागरावांनी डोळे उघडले. केतकीबाई समोर उभ्या होत्या. त्यांच्या मागं कोण आलंय हे पाहायला परागराव मान वाकडी करून दाराकडे बघू लागले. दारात कुणी नव्हतं.

ते काय करताहेत हे केतकीबाईंना लगेच कळलं. एकोणीस वर्षं त्यांचा चेहरा वाचायचीच सवय होती.

"दोन सुधारक एकावर एक चढले की असं होतं," अन्विता गडबडीनं म्हणाली. "एकच चालू ठेवायचा. काका, यंत्र की काकू, ते तुम्ही ठरवा."

"घेऊन जा यंत्र," परागराव मणी काढत म्हणाले. "मला असली जवारी नको."

"नाही," केतकीबाई म्हणाल्या. "राहू दे. मी बंद करते. मी थकलेय रे, पराग. प्रत्येक शब्द आधी चाळणीत घालायचा आणि मग तोंडातून काढायचा. तुझ्यापुढं मी नीट हसतसुद्धा नाही, माझं हसू फार उंच जातं. तू विचारतोस, काय झालं? मग मी सांगत बसते आणि हसणं राहून जातं."

हे ऐकल्यावर परागरावांनी मणी मुकाट्यानं परत कानात घातले.

"मग काकू, तुमच्या नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोला," अन्विता म्हणाली. "मैत्रिणीशी बोलता तसं."

केतकीबाईंनी नवऱ्याकडे पाहून एक वाक्य म्हटलं. सुधारक अजून चालूच आहे म्हणून सकर्णनं नाकारलं. दुसरं म्हटलं, तेही नाकारलं. मग त्यांनी गळा साफ केला आणि मुद्दाम उंच आवाज काढला. तो त्यांना स्वतःलाच नाटकी वाटला. मैत्रिणीशी बोलायचा आवाज मैत्रिणीशीच निघत होता. परागरावांसाठी आता एकच होता.

"नेहमीचा म्हणजे कुठला गं?" त्यांनी अन्विताला विचारलं. ते विचारताना त्या हसत होत्या, पण चेहरा घाबरलेला होता.

केतकीबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं काढून पाहिली. त्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्या काळचे मोबाईल माणसाचा आवाज आपोआप गोड आणि गुळगुळीत करूनच साठवत. शंभर चित्रफितींत केतकीबाई बोलत होत्या आणि एकीतही त्यांचा स्वतःचा आवाज नव्हता. यंत्र तेव्हाही मधे होतंच.

मग केतकीबाईंनी सराव सुरू केला. रोज संध्याकाळी पाच वाजता परागराव गाणं बंद करून खुर्चीत बसत आणि त्या समोर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. स आला की स, थ आला की थ, काही न चुकवता. पहिले काही दिवस परागरावांना परक्या बाईसमोर बसल्यासारखं अवघड वाटे. हळूहळू आवाज वर चढला, मोकळा झाला. सातव्या आठवड्यात एका जाहिरातीतली चूक वाचून केतकीबाई हसल्या, चांगल्या उंच, आणि त्या संध्याकाळी सकर्णनं मोजणी पूर्ण झाल्याचं कळवलं.

केतकीबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"असाच होता ना रे माझा आवाज? आधी?"

परागराव आठवू लागले. लग्नाचा दिवस आठवला, मुलीच्या जन्माचा आठवला, केंद्रावरून घरी आल्यावर दार उघडणारी केतकी आठवली. तिचं तोंड हलताना दिसत होतं. त्या काळी कान शाबूत होते, पण बायकोचा आवाज कान देऊन ऐकायची गोष्ट आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांच्याशी बोलतानाचा तिचा आवाज कसा होता हे सांगू शकेल असा जगात एकच साक्षीदार होता, आणि त्याला काही आठवत नव्हतं.

केतकीबाई वाट पाहत होत्या. मणी कानात होते आणि त्यांचा श्वासही स्पष्ट ऐकू येत होता.

"अगदी असाच," परागराव म्हणाले.