इंजिनावरचा पंजा

पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मी माळकरी माणूस, माळेला हात लावून सांगतो.

आणि रात्र नव्हती. वैशाखातली भर दुपार, काटेवाडीतलं आमचं पत्र्याचं शेड.

पुतणी निकिताचं लग्न चार दिवसांवर आलेलं. वालचंदनगरच्या मांडवात ती वडिलांच्या ट्रॅक्टरवरून जाणार होती. वडील, तिचे आबा, म्हणजे माझे थोरले भाऊ रतनदादा, दोन वर्षांपूर्वी गेले. म्हणून ट्रॅक्टर मीच रंगवायला घेतला.

सगळा झाला. फक्त इंजिनाचा ब्लॉक ऐकेना.

डिझेलनं धुतला, तारेच्या ब्रशनं गंज काढला, थिनरनं पुसला. वर प्रायमर, मग उष्णता सोसणारा राखाडी रंग. मोबाईलवर कीर्तन लावून, अगदी मन लावून. रंग पक्का व्हावा म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवलं.

बंद केलं... तर डाव्या बाजूला रंग सुटलेला. तळहाताएवढा.

"तेलकट हात लावला असंल कुणीतरी," मेकॅनिक गोकुळ म्हणाला.

"शेडची किल्ली माझ्या करदोट्याला हाय!"

"मग तुमीच लावला, नाना. कीर्तनाच्या नादात."

खरवडून पुन्हा मारला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा पाचही बोटं स्पष्ट.

मी चिडून ब्रश भिंतीवर फेकला.

चौथ्यांदा समोर स्टूल टाकून बसलो. इंजिन तापलं...

कीर्तनातले टाळ थांबले. मोबाईलवर बुवांचे ओठ हलतायत... आवाज नाही. इंजिनाचाही नाही.

आणि माझ्यासमोर, रंगावर एकेक बोट उमटलं.

अंगठा सगळ्यात शेवटी.

शेडात आलेल्या निकितानं ते पाहिलं आणि ती हळूच म्हणाली, "नाना, इंजिन तापलंय का, ते आबा असाच हात लावून बघायचे."

"मग सांग आबाला, पोरीचं लगीन हाय, काम करू द्या म्हणावं!"

ओरडलो खरा, पण त्या दिवशी ब्रश पुन्हा हातात घेतला नाही.

लग्नाच्या पहाटे पाचव्यांदा रंगवलं, तापवलं, वाळवलं. ट्रॅक्टर मीच चालवला. वालचंदनगर आलं... ब्लॉकवर ओरखडाही नाही!

निकिता खाली उतरली. तिची आई, सारजावहिनी, ओवाळायला पुढं आल्या. तबक त्यांनी खाली ठेवलं.

"भावजी, काय वो केलं हे?"

निकिताच्या डोक्यावरच्या पदरावर... राखाडी पंजा. रुंद, गड्याचा.

ओला.

पाच महिने झाले. शालू तीनदा धुतला, थिनरही लावलं. इंजिनावर चारदा दहा मिनिटंही न टिकलेला रंग रेशमावरून निघत नाही.

वहिनी अजून मलाच बोल लावतात. काय सांगू त्यांना?

माझे दोन्ही हात तर स्टिअरिंगवर होते.